‘२.२०’ म्हणजे किती जमीन? संशोधनाचा डेटा ग्रंथालयात दाखल करताना

पुस्तक दाखल करायची रीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठरलेली आहे. दाखल नोंदवहीत नोंद, दाखल क्रमांक, शिक्का, वर्गांक, तालिकेत नोंद आणि मग फडताळावर जागा. संशोधनाचा डेटा मात्र कापडी पिशवीतल्या हार्ड डिस्कमध्ये येतो आणि सोबत चिठ्ठी असते, ‘सर्व डेटा यात आहे’. तिथून पुढे काय काय करावं लागतं ते इथे एका संचाच्या आधाराने लिहीत आहोत. संच कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या पाहणीचा. २०११ आणि २०१६ अशा दोन फेऱ्या, भरलेल्या प्रश्नावल्यांचे स्कॅन, एक्सेल आणि एसपीएसएस या सांख्यिकी प्रोग्रामच्या फायली, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, जीपीएसवरून केलेले नकाशे, सगळं मिळून सुमारे ३४० जीबी. गावं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील ढोबळ ठेवले आहेत.

हे काम ग्रंथालयाचं का, असं अजूनही विचारलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीनंतर पीएचडीचा प्रबंध इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो आणि तो कुणालाही वाचता येतो. पण प्रबंधातल्या एकेका तक्त्यामागच्या शेकडो नोंदी मार्गदर्शकांच्या कपाटात किंवा विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पडून राहतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१६ जीवशास्त्रीय निबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला होता. निबंध एका वर्षाने जुना झाला की डेटा हाती असण्याचा संभव सरासरी १७ टक्क्यांनी घटतो, असं त्यात निघालं. आपल्याकडे विद्यार्थी नोकरीला लागतो, मार्गदर्शक निवृत्त होतात, विभागाला रंग काढताना खोक्यांची जागा बदलते. आपल्याकडचं चित्र त्याहून बरं असेल असं मानायला काही कारण नाही.

डिस्क हाती आली की पहिला नियम असा की ती उघडून बघायची नाही. विंडोजच्या संगणकाला जोडून नुसती चाळली तरी त्यात लघुचित्रांच्या लपलेल्या फायली तयार होतात. एखादी एक्सेल फाइल उघडून बंद करताना सवयीने ‘सेव्ह’ दाबलं, तर फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख गेली. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते, कारण ‘फायनल’ नावाच्या तीन फायलींतली खरी कोणती हे पुष्कळदा तिच्यावरूनच ठरतं. म्हणून डिस्क फक्त वाचता येईल अशा पद्धतीने जोडायची. राइट ब्लॉकर नावाची छोटी डबी मिळते. ती नसेल तर लिनक्सवर ‘रीड ओन्ली’ जोडणी करावी. संगणक वेगळा ठेवलेला असावा आणि तो विद्यापीठाच्या नेटवर्कवर नसावा. विभागांतल्या पेन ड्राइव्हमधून आणि डिस्कमधून जुने व्हायरस हमखास येतात. अँटिव्हायरसला मात्र ‘सापडलं तर कळव, परस्पर उडवू नको’ असं आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर मॅक्रो असलेली एखादी निरुपद्रवी एक्सेल फाइल तो चुपचाप काढून टाकतो आणि ती कधी होती हेही कुणाला कळत नाही.

मग प्रत्येक फाइलचा चेकसम काढायचा. फाइलच्या एकूणएक बाइटवरून गणिताने काढलेली ही खूण असते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षरांची येते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी खूण बदलते. चेकसम कॉपी करण्याआधी डिस्कवर काढायचे, कॉपी झाल्यावर सर्व्हरवर पुन्हा काढायचे आणि दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. माउसने ओढून कॉपी करायची नाही. मध्येच एखादी फाइल अडली की कुणीतरी ‘स्किप’ दाबतं आणि विसरतं. आर-सिंक किंवा रोबोकॉपी ही कॉपी करायची साधनं वापरली की काय गेलं, काय राहिलं याची लेखी नोंद मिळते. जुन्या यूएसबी २ जोडणीवर सेकंदाला ३० एमबी इतकाच वेग मिळतो, म्हणजे ३४० जीबीला तीन तासांहून थोडं जास्त. दोनदा चेकसम धरले तर दिवस जातो. तो जाऊ द्यावा.

या संचात कॉपी करताना ११ फायली अडल्या, आणि कारण मराठी होतं. विंडोजमध्ये पूर्ण मार्गासह फाइलचं नाव साधारणपणे २६० अक्षरांत बसावं लागतं. देवनागरीत ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणक त्यात सात मोजतो, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या धरल्या जातात. ‘क्षेत्रीय सर्वेक्षण दुसरी फेरी’ अशा नावाचे बरेच फोल्डर एकात एक असले की मर्यादा संपते. डिस्कवर ती फाइल दिसते, उघडत मात्र नाही. लिनक्सवर त्या निघाल्या. जुन्या झिप प्रोग्रामांत देवनागरी नावांची चौकोनं होतात तोही याच जातीचा त्रास. दाखल करताना नावं रोमन लिपीत, मोकळी जागा न ठेवता, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने अशी नव्याने द्यायची. जुनं नाव आणि नवं नाव यांचा तक्ता संचातच ठेवायचा. जुनं नाव फेकायचं नाही. ‘सरांनी बघितलेली’ या नावातही माहिती आहे.

यानंतर फायलींची जातवारी. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रोनॉम नावाची फाइल-प्रकारांची सूची ठेवली आहे आणि तिच्या आधाराने काम करणारं ड्रॉइड हे साधन फुकट मिळतं. ते फाइलच्या नावाच्या शेपटीवर (टिंबानंतरच्या अक्षरांवर) विश्वास ठेवत नाही, आतले बाइट पाहून प्रकार सांगतं. चेकसम सारखे असलेल्या फायली म्हणजे जुळ्या प्रती. त्या वेगळ्या काढल्या की निम्मा पसारा कमी होतो. उरल्या त्या जवळजवळ सारख्या, पण सारख्या नसलेल्या. इथे आम्ही नेहमी एकच युक्ती वापरतो. शोधगंगेवरून प्रबंध उतरवून घ्यायचा आणि त्यातले दोन-तीन तक्ते हातातल्या फायलींतून पुन्हा काढून बघायचे. जी फाइल प्रबंधातले आकडे देते, ती प्रबंधाची फाइल. कुठलीच देत नसेल तर मधली एखादी पायरी हरवली आहे, आणि ती शोधायची वेळ हीच.

जमीनधारणेचा तक्ता कुठल्याही फाइलमधून जुळेना. तिथून ‘२.२०’ सुरू झालं.

जमिनीच्या रकान्याला शीर्षक होतं ‘क्यू१७बी’. प्रश्नावलीत प्रश्न १७ ब : ‘कोरडवाहू जमीन किती?’ आणि पुढे मोकळी रेघ. एकक छापलेलंच नव्हतं. आता २.२० असं लिहिलेलं असेल तर ते काय? आपल्याकडे शेतकरी सांगतो ‘दोन एकर वीस गुंठे’, आणि नोंद घेणारा लिहितो २.२०. एकरात ४० गुंठे, म्हणून ही जमीन अडीच एकर झाली. तोच आकडा सातबाऱ्यावरून उतरवला असेल तर तो हेक्टर आणि आर आहे. मग दोन हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ ५.४४ एकर. संगणकावर भरणाऱ्याने साधा दशांश समजून घेतला असेल तर २.२ एकर. याहून वाईट म्हणजे एक्सेल शेवटचं शून्य गिळतं. २.२० भरलं की २.२ साठवलं जातं. आणि ‘दोन एकर दोन गुंठे’ हे कुणी २.२ असंच लिहिलं असेल, तर ते २.०५ एकर. एकाच खान्यात चार अर्थ. २.०५ एकर म्हणजे एका हेक्टरच्या आत, तो शेतकरी सरकारी व्याख्येने अत्यल्प भूधारक. अडीच एकर म्हणजे एका हेक्टरच्या किंचित वर, तो अल्प भूधारक. ५.४४ एकरवाला दोन्हींत नाही. पाहणीचा सगळा निष्कर्ष या वर्गवारीवर उभा होता.

ओळखायचं कसं, तर दशांशानंतरच्या भागाची वारंवारता काढायची. गुंठे असतील तर टिंबानंतर ३९च्या वर आकडा येऊच शकत नाही. पहिल्या फेरीत एका नोंदणीदाराचा गठ्ठा सोडला तर सगळे आकडे ० ते ३९मध्ये होते, म्हणजे एकर-गुंठे. दुसऱ्या फेरीत ६०, ८०, ९५ असे आकडे सर्रास होते. त्या वेळी मुलांनी सातबारा समोर ठेवून लिहिलं होतं, म्हणजे हेक्टर-आर. नोंदणीदाराचं नाव प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर होतं, पण एक्सेलमध्ये तो रकानाच नव्हता. तो स्कॅनवरून नव्याने भरावा लागला. टिंबानंतर एकच अंक असलेल्या २१२ ओळी निघाल्या. त्यांचे स्कॅन एकेक करून उघडले. हाताने लिहिलेल्या कागदावर शून्य आहे की नाही ते दिसतं. १७५ ओळींचा उलगडा झाला. ३७ प्रश्नावल्यांचे स्कॅन डिस्कमध्ये नव्हते आणि मूळ कागद रद्दीत गेले होते.

मूळ रकान्याला हात लावलेला नाही. त्याच्या शेजारी तीन नवे रकाने जोडले : मूळ एकक, हेक्टरमधला आकडा आणि ‘खात्री’. खात्रीच्या रकान्यात स्कॅनवरून पडताळलं तर २, दशांशावरून अनुमान केलं तर १, ठरवता आलं नाही तर ०. दुरुस्ती कुणी, कोणत्या दिवशी, कशाच्या आधारे केली याची वेगळी फाइल. हा नियम आम्ही सगळीकडे पाळतो. ग्रंथपालाने संशोधकाचा आकडा ‘सुधारायचा’ नाही, शेजारी लिहायचं.

अशा प्रश्नांसाठी संशोधकांबरोबर बसावंच लागतं. ईमेलवर हे होत नाही. दीड-दीड तासाच्या तीन बैठका लागल्या, वही उघडी ठेवून, एकेका रकान्यावर बोट ठेवून. “मॅडम, वयाच्या रकान्यात ९९ आहे. आजी खरंच नव्व्याण्णव वर्षांच्या, की वय माहीत नाही?” “दोन्ही असतील. माहीत नसलं की ९९ भरायचं असं आम्हीच सांगितलं होतं.” हे वाक्य कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं नसतं तर पुढचा कुणीही वयाची सरासरी काढताना ते ९९ त्यात मोजणार. ‘माहीत नाही’, ‘उत्तर दिलं नाही’ आणि ‘हा प्रश्न या घराला लागू नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना तीन वेगळे संकेत हवेत, आणि ते त्या रकान्यात खऱ्या उत्तराच्या रूपात कधीच येऊ शकणार नाहीत असे हवेत. रिकामा खाना हा संकेत नव्हे. तो भरायचा राहिलेलाही असू शकतो.

तारखांचा घोळ ओळखायची एक सोपी खूण सांगण्यासारखी आहे. संगणक अमेरिकी मांडणीवर असेल आणि भरणाऱ्याने आपल्या पद्धतीने २५/०६/२०११ टाइप केलं, तर एक्सेलला पंचविसावा महिना माहीत नसतो, म्हणून ते मजकूर म्हणून खान्याच्या डावीकडे राहतं. ०५/०६/२०११ मात्र मुकाट ६ मे होतं आणि उजवीकडे सरकतं. म्हणून रकान्यातल्या निम्म्या तारखा डावीकडे आणि निम्म्या उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्यांचे दिवस-महिने उलटले आहेत असं धरून तपासावं. मॅकवरच्या जुन्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४पासून होती, विंडोजवर १९००पासून. त्या दोन फायली एकत्र चिकटवल्या की १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक पडतो. आणि जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळींपुढचं काही मावतच नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले ते याच मर्यादेमुळे. म्हणून अशा फायली आम्ही एक्सेलमध्ये उघडतच नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून वाचतो आणि मग एकेकाचा प्रकार ठरवतो.

मोकळ्या उत्तरांची गोष्ट मराठी वाचकांना वेगळी सांगायला नको. २०११च्या फेरीतली उत्तरं श्रीलिपीत टाइप केलेली होती. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण आत साठवलेला मजकूर देवनागरी नाहीच, फॉन्ट फक्त त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, बदलताना फॉन्टची माहिती गळते आणि चिवडा कायमचा होतो. म्हणून आधी मूळ फाइल आणि फॉन्टचं नाव, आवृत्ती जपायची, मग युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतर करणारी साधनं बहुतेक मजकूर नीट आणतात आणि ठरलेल्या जागी चुकतात : रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं. संपूर्ण मजकूर वाचत बसण्यापेक्षा वेगवेगळ्या शब्दांची यादी काढून जास्तीत जास्त वेळा आलेल्या शब्दांपासून तपासत यावं. एक चूक दुरुस्त केली की शेकडो ठिकाणी दुरुस्त होते. एकदाच आलेले विचित्र शब्द शेवटी.

युनिकोड झालं म्हणून संपत नाही. ‘शेतकऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने शोधलं की दुसरा सापडत नाही. आम्ही पहिली तऱ्हा धरून सगळं एकसारखं करतो आणि तसं नोंदवतो. आकड्यांच्या रकान्यात कुणी देवनागरी ५ आणि कुणी इंग्रजी 5 टाइप केला असेल, तर अर्धे आकडे संगणकाला मजकूर वाटू शकतात. गावाच्या नावात शुद्धलेखनाचे पाच प्रकार असतात, म्हणून नावाशेजारी २०११च्या जनगणनेतला सहा आकडी गाव क्रमांक भरावा. तो वाद घालत नाही.

फाइल-प्रकारांबद्दल थोडक्यात. एसपीएसएसची फाइल तशीच ठेवायची आणि सोबत युटीएफ-८ (युनिकोड) सीएसव्ही द्यायची. सीएसव्हीत रकान्यांची लेबलं जात नाहीत, म्हणून वेगळी संकेतवही लागते : रकान्याचं नाव, प्रश्न जसाच्या तसा, एकक, शक्य उत्तरं, उत्तर नसल्याचे संकेत. लेखी कागद पीडीएफ-ए या दीर्घकाळ जपण्यासाठीच्या प्रकारात. ध्वनी न दाबलेल्या वेव्हमध्ये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असेल तर तासाला एक जीबीपेक्षा थोडं जास्त लागतं. मुलाखती मुळात मोबाइलवर एमपी३मध्ये घेतल्या असतील तर त्यांना वेव्ह करून जागा खाण्यात अर्थ नाही, एमपी३च जपावी. नकाशांची शेपफाइल ही एक फाइल नसते, निदान तीन असतात आणि तिची चौथी, प्रक्षेपण सांगणारी, बहुतेक वेळा डिस्कवर नसते. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही, त्यामुळे दोन लांब नावं कापली जाऊन सारखीच होतात. शक्य तिथे जिओपॅकेज करावं, त्यात सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

आता ओळख लपवण्याचं काम. इथे घाई केली तर इजा आपल्याला होत नाही, विश्वासाने बोललेल्या माणसाला होते. नाव आणि मोबाइल नंबर काढायचा हे सगळ्यांना कळतं. गट क्रमांक राहून जातो. महाराष्ट्रात गाव आणि गट क्रमांक हाती असला की सातबारा सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, आणि त्यावर खातेदाराचं नाव असतं. म्हणजे गट क्रमांक हे नावच आहे. घराचे जीपीएस अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार स्थळांपर्यंत असतील तर जवळजवळ ११ मीटरपर्यंत नेमकी जागा कळते. दोन स्थळं ठेवली तर एक किलोमीटरचा परिसर. आणि हे सगळं काढूनही गाव, जात, वय आणि धंदा हे चार रकाने शेजारी राहिले, तर त्या गावात त्या जातीचं एकच घर असू शकतं. म्हणून कुठल्याही जोडणीत पाचांपेक्षा कमी घरं येत असतील तर तिथे गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट असं ढोबळ करत जायचं. ध्वनिमुद्रणात तर लोक शेजाऱ्याचं, सावकाराचं नाव सहज घेतात. ते प्रत्येक मुलाखत ऐकूनच काढावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

संमतीपत्रं वाचल्याशिवाय यातलं काही ठरत नाही. ‘तुमची माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल आणि पाच वर्षांनी नष्ट केली जाईल’ असं वाक्य नमुन्यात छापलेलं असतं आणि कुणी विचार न करता उतरवलेलं असतं. ते असेल तर डेटा इतरांना देता येत नाही. शब्द दिला तो दिला. या संचातल्या संमतीपत्रात ‘ओळख लपवून इतर अभ्यासकांना’ असं होतं म्हणून वाट मोकळी होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखनासाठी काही सूट आहे. पण त्या सुटीमुळे माणसाला दिलेला शब्द मागे घेता येतो असं आम्ही मानत नाही. शेवटी तीन थर केले. ओळख काढलेला तक्ता आणि संकेतवही सर्वांना खुली. मुलाखतींची लिखितं अर्ज करून, करारावर सही करून. स्कॅन, ध्वनी आणि कोणतं घर कोण हे सांगणारी किल्ली बंद, एईएस-२५६ने कुलूपबंद, वेगळ्या डिस्कवर. परवलीचा शब्द दोन माणसांकडे आणि तिसरी प्रत मोहोरबंद पाकिटात तिजोरीत. पासवर्ड एकट्या माणसाकडे असणं आणि डेटा नसणं यात फरक फार थोडा आहे.

नोंद करण्याचं काम ग्रंथपालाच्या हातचं. कायमस्वरूपी ओळख क्रमांकासाठी डेटासाइट या क्रमांक देणाऱ्या संस्थेला सहाच गोष्टी सक्तीच्या लागतात : क्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, प्रकार. एवढ्यावर थांबलं तर नोंद होते, पण डेटा सापडत नाही. कुठला भाग, कुठला काळ, किती कुटुंबं, नमुना कसा निवडला, हे भरलं तरच कुणी वापरणार. संशोधकाचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे त्याची कायमची ओळख, जरूर घ्यावा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं निम्मं काम दुसऱ्या नावावर पडलेलं असतं, ते या सोळा आकड्यांनी जुळतं. डीस्पेस या सॉफ्टवेअरवर भांडार चालवणाऱ्यांनी आपला हँडल क्रमांक, म्हणजे नोंदींच्या कायमच्या पत्त्याचा क्रमांक, तपासावा. तो १२३४५६७८९ने सुरू होत असेल तर ती प्रणालीत आधीपासून दिलेली नमुन्याची जागा आहे, नोंदणी झालेलीच नाही, आणि सर्व्हर बदलला की त्या क्रमांकावरून कुणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

मग पिशवी बांधायची. बॅगइट ही पद्धत २०१८ साली इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत प्रसिद्ध झाली. तिची रचना साधी आहे. डेटा नावाचा फोल्डर, सगळ्या फायलींच्या चेकसमची यादी, आणि पिशवीत काय आहे हे सांगणारा छोटा मजकूर. यादी साध्या मजकुरात असते, म्हणून ती वाचायला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. एक प्रत सर्व्हरवर, एक टेपवर, एक दुसऱ्या शहरात. सर्व्हरमधल्या जोडडिस्कना, म्हणजे एकच मजकूर ठेवणाऱ्या दोन डिस्कना, बॅकअप समजू नये. चुकून खोडलेली फाइल त्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. २०२१च्या डिसेंबरात जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे ७७ टीबी डेटा गेला, तो बॅकअपच्याच प्रोग्रामने पुसला. चालू असताना त्याच्यावर नवी आवृत्ती टाकली गेली होती. टेपचंही एक पथ्य आहे. एलटीओ या प्रकारच्या टेपयंत्रांची आठवी पिढी सातव्या पिढीची टेप वाचते, सहावीची नाही. टेप शाबूत आणि वाचायला यंत्र नाही अशी वेळ यायच्या आत उतरवून घ्यावं लागतं.

ग्रंथालयात साठा पडताळणी होते तशी डेटाचीही करतो. दर तिमाहीला सर्व्हरवरच्या प्रतीचे चेकसम, वर्षातून एकदा टेपचे. सेकंदाला १०० एमबी वेगाने एका टीबीला पावणेतीन तास लागतात, रात्री लावून ठेवलं की झालं. न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून आणायची आणि नोंद ठेवायची. वर्षातून एकदा दहा-बारा फायली प्रत्यक्ष उघडूनही बघतो, कारण चेकसम फक्त बाइट तेच आहेत एवढं सांगतो, ती फाइल आज कशात उघडते हे सांगत नाही.

या संचाला एकंदर साडेचार आठवडे लागले. त्यातलं कॉपी, पिशवी आणि टेपचं काम तीन दिवसांचं. ओळख लपवायला आठ दिवस. उरलेला सगळा वेळ रकान्यांचे अर्थ विचारण्यात आणि स्कॅन उघडण्यात गेला. त्यातला निम्मा प्रश्नावली छापतानाच वाचला असता. म्हणून आता पीएचडीच्या नोंदणीवेळीच विद्यार्थ्याला दोन पानी फॉर्म देतो. त्यात पहिल्याच पानावर विचारलेलं असतं : जमीन कशात मोजणार, पाणी कशात, धान्य किलोत की पायलीत, पैसे महिन्याचे की वर्षाचे, आणि ‘माहीत नाही’ला काय लिहिणार. नोंद घेणाऱ्याचा क्रमांक प्रत्येक ओळीत हवा, आणि गुंठ्यांचा रकाना एकरापासून वेगळा.

त्या ३७ ओळी ‘खात्री ०’ म्हणूनच प्रकाशित केल्या आहेत. रद्दीत गेलेले कागद मिळायचे नाहीत, पण पहिल्या फेरीतले दोन नोंदणीदार सापडले आहेत आणि त्यांच्याकडे तेव्हाच्या वह्या आहेत असं कळलं. वह्या आल्या की संचाची दुसरी आवृत्ती निघेल. क्रमांक तोच राहील, पहिली आवृत्तीही दिसत राहील.